व्हर्नाबाईंच्या घराचा सौदा

नेडीन पेटवे शाळेची बस चालवायची. यंगस्टाउन शहराच्या दक्षिण भागात आता निम्मी घरं रिकामी आहेत आणि उरलेल्यांपैकी बरीचशी पडायला आलेली. तिथल्या गल्ल्या तिच्या वाट्याला होत्या. सकाळी पोरं गोळा करून शाळेत सोडायची, दुपारपर्यंत मोकळं, मग त्याच पोरांना परत घरी पोचवायचं. उन्हाळ्यात शाळा बंद, की पगारही बंद. त्या दिवसांत ती आणि तिचा नवरा आल्विन एकमेकांशी जरा जपूनच बोलायचे. आल्विन हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात कामाला होता. थोरली इमानी सातवीत, धाकटी जोनी तिसरीत. चौघं एका जुनाट घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची आणि खालचा भाडेकरू ट्रॉम्बोन वाजवायला शिकत होता.

त्या वर्षी फेब्रुवारीत डेपोतल्या एका मैत्रिणीनं तिला हमरस्त्यालगतच्या हॉटेलात ओढून नेलं. तिथे ब्रेंट हॉलिस नावाचा एक माणूस शनिवार-रविवार वर्ग घ्यायचा. पांढरेशुभ्र बूट, कानाला माइक, आणि सारखी फेऱ्या मारायची सवय.

"घराच्या धंद्याला भांडवल लागतं असं कुणी सांगितलं तुम्हाला?" तो म्हणाला. "घर घ्यायचंच नाहीये आपल्याला! अडलेला मालक शोधायचा. त्याच्याशी स्वस्तात साठेखत करायचं. आणि घर नाही, ते साठेखतच एखाद्या पैसेवाल्याला चढ्या भावानं द्यायचं. मधलं जे उरेल ते तुमचं. याला म्हणतात होलसेलिंग."

मागून कुणीतरी विचारलं, "मालकाला हे सांगायचं का?"

"विचारलं तर सांगा," ब्रेंट हसला. "पण माणसं विचारत नाहीत. त्यांना एकच ऐकायचं असतं. मी घेतो. एवढं म्हणा आणि गप्प बसा."

चहाच्या सुट्टीत नेडीननं आपलं काम सांगितलं तेव्हा त्यानं तिचा हात दोन्ही हातांत धरला. "बस चालवता? बाई, या हॉलमधल्या सगळ्यांना जे शोधत हिंडावं लागणार आहे, ते तुम्ही रोज खिडकीतून बघताय!"

ते खरंच होतं. कुठलं घर केव्हा ओस पडलं, कुठे टपाल साचलंय, कुणाच्या छतावर निळी ताडपत्री आली, सगळं तिला ठाऊक होतं. मार्चपासून ती मधल्या वेळात दारं ठोठावायला लागली. पहिल्या दारात कुत्रं अंगावर आलं. दुसऱ्या ठिकाणी एका म्हाताऱ्यानं तिला घरपट्टीवाली समजून पडद्याआडूनच शिव्या घातल्या. एक बाई अगदी प्रेमानं आत घेऊन बसली आणि तासभर जावयाबद्दल बोलली. घर मात्र जावयाच्याच नावावर होतं. नेडीन संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून बसायची आणि आल्विन म्हणायचा, "राहू दे गं. उन्हाळ्यात मी जादा पाळ्या घेईन."

"तू आधीच घेतोयस," ती म्हणायची.

*

त्याच मार्गावर एका कोपऱ्याला व्हर्ना स्टिपानोविच यांचं घर होतं. विटांचं, दोन मजली, मागे द्राक्षांचा मांडव. नवरा स्टीव्ह पोलादाच्या कारखान्यात होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी मार्लीन लांब ॲरिझोनात. आजूबाजूची त्यांच्यासारखी क्रोएशियन कुटुंबं एकेक करून उपनगरात गेली, व्हर्नाबाई तेवढ्या राहिल्या. त्यांच्या दारासमोर बसचा थांबा होता. थंडीत पोरं कुडकुडायला लागली की त्या त्यांना पडवीत उभं करायच्या आणि बस आली की स्वतः ओरडून हाकलायच्या. नेडीनला नाताळात अक्रोड भरून गुंडाळलेला गोड पाव करून द्यायच्या, आणि "तुझ्या पोरींना दे, त्या डेपोतल्या बायांना वाटू नकोस" असं बजावायच्या.

एप्रिलमध्ये त्या सलग काही दिवस पडवीत दिसल्या नाहीत. नेडीननं सकाळची फेरी संपवून रिकामी बस त्यांच्या दारात लावली.

दार उघडायला फार वेळ लागला. व्हर्नाबाईंचा हात झोळीत होता.

"न्हाणीघरात घसरले," त्या म्हणाल्या. "मार्लीनला कळलं आणि झालं. येऊन मला तिकडे घेऊन जाणार म्हणते. तिच्या घरी जिना आहे, म्हणून खाली मला एक खोली आणि न्हाणीघर बांधायचंय. त्यासाठी हे घर विकायचं. अगं, पण कोण घेतंय या गल्लीत घर? एजंट आला होता. नाक असं करून बघत होता, जसं मी मेलेला उंदीर लपवलाय."

नेडीन तिथे त्यांची विचारपूस करायलाच गेली होती. हे ती पुढे आल्विनला पुन्हापुन्हा सांगायची आणि ते खरंच होतं. पण महिनाभर आरशासमोर घोकलेले शब्द तोंडात तयार होते, ते आपसूक बाहेर पडले.

"मी घेते, मिस व्हर्ना."

व्हर्नाबाईंनी चांगला हात तोंडावर नेला. मग डोळे भरून आले त्यांचे.

"तू? खरंच? तू आणि तुझ्या पोरी?" त्या उठल्याच. "अगं, मागची खोली बघितलीस का? सकाळचं ऊन येतं तिथे. मार्लीन तिथेच वाढली. अरे देवा! आणि मी रात्रभर विचार करतेय, की कुणाच्या हाती जाईल, कोण कसले उद्योग करेल इथे."

ब्रेंटनं सांगितलं होतं, गप्प बसा. नेडीन गप्प बसली. तिला वाटलं, थोड्या वेळानं सांगू. आत्ता रडतायत त्या.

किंमतही व्हर्नाबाईंनीच सांगितली, आणि ती एखाद्या नव्या मोटारीची असावी इतकी कमी होती. "तुझ्याकडून जास्त नाही घेणार. घर गरम करायची भट्टी जुनी आहे, छपराचंही बघावं लागेल तुला. आणि मुलींचं शिक्षण आहे. मार्लीनची खोली तेवढ्यात होते, मला अजून काय करायचंय?"

साठेखत करायच्या दिवशी नेडीन वर्गात मिळालेला छापील नमुना घेऊन गेली. व्हर्नाबाईंना बारीक अक्षर दिसत नव्हतं म्हणून तिनंच मोठ्यानं वाचलं. घेणार नेडीन पेटवे, किंवा ती ज्याला हक्क सोपवेल तो.

"हे काय?" व्हर्नाबाईंनी विचारलं. "ज्याला सोपवेल तो म्हणजे?"

"कायद्याची भाषा असते," नेडीन म्हणाली.

"वकिलांचं पोट त्याच्यावरच चालतं," व्हर्नाबाई म्हणाल्या आणि डाव्या हातानं, वेडीवाकडी, पण पूर्ण नावानिशी सही केली.

*

ब्रेंटनं फोनवर आनंदानं आरडाओरडा केला आणि तिला रे डिलुका नावाच्या माणसाचा नंबर दिला. रेची शहरभर भाड्याची घरं होती. तो दुसऱ्याच आठवड्यात बघायला आला, मापं घ्यायचं यंत्र आणि एक सुतार बरोबर घेऊन.

"कोण आहेत हे?" व्हर्नाबाईंनी दारातच विचारलं.

"भट्टी बघायला आलेत," नेडीन म्हणाली.

"हो का? मग खाली चला." व्हर्नाबाई पुढे झाल्या. तळघरात त्यांचं दुसरं स्वयंपाकघर होतं. वरचं पाहुण्यांना दाखवायचं, खरा स्वयंपाक खालीच. रेनं भट्टीकडे नजरही टाकली नाही. तो यंत्रानं भिंतीवर लाल ठिपका मारत हलक्या आवाजात आकडे सांगत होता आणि सुतार मान डोलवत होता.

"इथे दोन खोल्या निघतील. वर चार. पडवी बंद केली की अजून एक. आठवड्याच्या भाड्यानं जातील." मग मागच्या दारातून बाहेर बघून तो मोठ्यानं म्हणाला, "हे सगळं उपटून काढायचं. खडी टाकली की पाच गाड्या आरामात."

व्हर्नाबाई कॉफी ओतत होत्या. त्यांनी किटली खाली ठेवली आणि नेडीनकडे बघितलं. सुतार खोकला.

"मांडव काढणार तू?" त्यांनी विचारलं.

"अजून काही ठरलं नाही, मिस व्हर्ना."

"नाही, तुझं घर आहे आता. तुझी मर्जी." त्यांनी कप पुढे सरकवला. "फक्त एवढा सप्टेंबर थांब. द्राक्षं लागली की बघ आणि मग ठरव. स्टीव्हनं लावलेला वेल आहे, मुलींना आवडेल."

बाहेर आल्यावर रे गाडीला टेकून उभा राहिला. "म्हातारीला वाटतंय तू राहायला येणार आहेस?"

नेडीननं पिशवीतून किल्ल्या काढल्या.

"मला काय," तो म्हणाला. "तुझं तू बघ. पण बाई, माझ्या वतीनं खोटं सांगू नकोस कुणाला. भट्टी बघायला आलो म्हणे. मी आयुष्यात कुणाची भट्टी बघितलेली नाही." त्यानं तिथेच, बॉनेटवर ठेवून, तिचा हक्क आपल्याला सोपवल्याच्या कागदावर तिची सही घेतली. मिळणारी रक्कम तिच्या बसच्या अख्ख्या वर्षाच्या कमाईच्या जवळ जात होती. घरी येईपर्यंत ती तो आकडा पुन्हापुन्हा घोकत होती. आनंदानं, असं तिनं स्वतःला सांगितलं.

*

व्हर्नाबाईंनी ही गोष्ट चर्चमध्ये सांगितली. मग शेजारच्या ओडेल गेन्स यांना. ओडेल हा नेडीनसारखाच काळा, आणि गल्लीतल्या काळ्या रहिवाशांत सगळ्यात जुना. त्यानं बस थांबवून नेडीनशी खिडकीतून हात मिळवला.

"ऐकलं मी! छान केलंस, पोरी. या गल्लीत नवं कुटुंब आलं त्याला जमाना झाला. गवत कापायचं यंत्र विकत घेऊ नकोस हं, माझं आहे."

बसमधली पोरं ओरडली, "मिस नेडीन, तुम्ही आमच्याकडे राहायला येणार?"

"बसा खाली!" नेडीन म्हणाली. तिनं पोरांवर आवाज चढवायची ती पहिलीच वेळ असावी, कारण बस एकदम शांत झाली.

घरी त्याच संध्याकाळी इमानी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. "आई, त्या गल्लीतला डेमेट्री माझ्या वर्गात आहे. तो म्हणाला आपण त्या विटांच्या घरात जाणार. खरंय?"

आल्विन भांडी पुसत होता. तो थांबला.

"तू मला सांगणार होतीस ना नंतर? सरप्राइज होतं ना?" इमानीचा आवाज चढत होता. "मला वेगळी खोली मिळणार? जोनीबरोबर नाही ना झोपायचं?"

"इमानी, आपण नाही जाणार तिथे. ते माझं काम आहे," नेडीन म्हणाली.

"मग तो असं का म्हणाला?"

"त्याला चुकीचं कळलंय."

इमानी आत गेली. आल्विननं फडकं खांद्यावर टाकलं.

"त्या बाईंना माहितीये ना?" त्यानं विचारलं.

"काय?"

"नेडीन."

तिनं खुर्ची ओढली. मग सगळं सांगितलं. रडणं, किंमत, कायद्याची भाषा, भट्टी. खाली ट्रॉम्बोनवाला एकच सूर पुन्हापुन्हा चुकवत होता.

"मग खरंच घेऊ या आपण," शेवटी तो म्हणाला. "तेवढ्यात घर मिळतंय तर."

त्यांनी प्रयत्न केला. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण पुढे गावात वेगळंच बोललं गेलं. दोघं सुट्टी काढून बँकेत गेले. तिथली तरुण मुलगी फार गोड बोलली. इतक्या लहान रकमेचं घरकर्ज बँक देतच नाही, म्हणाली. आणि मोठी रक्कम मागितली असती, तर जोनीच्या जन्माच्या वेळचं हॉस्पिटलचं थकलेलं बिल आड आलं असतं. दुसऱ्या ठिकाणीही तेच. हप्त्यानं द्यायचं म्हटलं तर व्हर्नाबाईंना रक्कम एकदम हवी होती, ॲरिझोनात गवंडी ठरला होता.

नेडीननं ब्रेंटला फोन केला.

"हे बघा," तो म्हणाला, "पहिल्या सौद्याला सगळ्यांचंच मन कच्चं होतं. बाईंनी किंमत स्वतः सांगितली. तुम्ही कपात मागितली नाही. त्यांना मुलीकडे जायचंय, त्या जातायत. यात रडतंय कोण, मला सांगा? तुम्हीच ना?"

तिनं फोन ठेवून दिला.

*

मे महिन्यातल्या एका सकाळी फेरी संपवून ती गेली. व्हर्नाबाई तळघरात बरण्या कागदात गुंडाळत होत्या. झोळी निघाली होती, पण हात अजून जपून वापरत होत्या.

"बरं झालं आलीस. ही शेगडी बघून ठेव. डावीकडची आच मोठी होत नाही, तिला लाथ मारावी लागते. इथे, खाली. आणि हे मोठं पातेलं मी सोडून जातेय, तिकडे काय करू? तुझी थोरली स्वयंपाक करते का?"

"मिस व्हर्ना, मी इथे राहायला येणार नाहीये."

"का? आल्विनला नाही आवडलं?"

"तसं नाही. मी कधीच येणार नव्हते."

व्हर्नाबाईंच्या हातात बरणी होती. ती त्यांनी अर्धवट गुंडाळलेलीच टेबलावर ठेवली. "म्हणजे?"

नेडीननं सांगितलं. साठेखत म्हणजे काय, ते कसं पुढे देतात, रे डिलुका कोण. सांगताना तिला ते इतकं साधं वाटलं, की पहिल्या दिवशी का सांगता आलं नाही हे तिचं तिलाच कळेना.

"तो भट्टीवाला," व्हर्नाबाई म्हणाल्या.

"तोच घेणारा."

"आणि तू कोण?"

"मी मधली."

"मधली." व्हर्नाबाईंनी तो शब्द सावकाश म्हटला. "मी तुला विचारलं होतं. हे काय, म्हणून विचारलं होतं मी."

"हो."

"मला दिसत नव्हतं म्हणून तू वाचत होतीस."

"हो, मिस व्हर्ना."

वरच्या मजल्यावर घड्याळाचे ठोके पडले. व्हर्नाबाई स्टुलावर बसल्या. त्या रागावतील, ओरडतील अशी तयारी करून नेडीन आली होती. त्या बोलल्या ते अगदी खालच्या आवाजात.

"मार्लीन म्हणाली होती, आई, ती बाई तुला फसवेल. मी विचारलं, का गं? तू तिला कधी भेटलीस? ती काही बोलेना. मग मी तिला म्हटलं, तुझ्या मनात काय आहे ते मला समजतं आणि मला त्याची लाज वाटते. माझ्या पोटच्या पोरीला म्हटलं मी असं. कितीतरी दिवस बोलले नाही तिच्याशी, तुझ्यापायी." त्यांनी मान वर केली. "आता तिला काय सांगू मी? तूच सांग. तिचं बरोबर होतं म्हणू?"

नेडीनला वाटलं, बरोबर नव्हतं असं म्हणावं. मार्लीनच्या मनात जे होतं ते चूकच होतं. पण ते म्हणायला आता तिला तोंड नव्हतं, आणि ते तोंड फक्त तिचं नव्हतं. डेपोतल्या काळ्या बायांचं, ओडेलचं, तिच्या मुलींचंही होतं. तेवढं तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

मग तिनं पिशवीतून साठेखत काढलं. "मी मुदतीत पैसे भरले नाहीत की हे आपोआप रद्द होतं. मी भरणार नाही. रेलाही त्याचा हक्क सोडून द्यायला सांगते. तुम्ही एजंटला बोलवा, नाहीतर मार्लीनला विचारा. याच्यापेक्षा नक्की जास्त येतील, मिस व्हर्ना, पुष्कळ जास्त."

"म्हणजे तेवढे तू खाणार होतीस."

"हो."

"वर जा," व्हर्नाबाई म्हणाल्या. "जाताना दार ओढून घे. नीट लागत नाही ते."

*

रे डिलुकानं तिचं ऐकून घेतलं आणि शिवी वगैरे दिली नाही. "कोर्टात जाईन मी असं वाटतंय तुला? एवढ्यासाठी?" तो म्हणाला. "पण या गावात घरं घेणारे आम्ही किती जण आहोत? दर गुरुवारी एकत्र जेवतो. तुझं नाव निघालं की मी एवढंच सांगेन, की हिचं साठेखत भरवशाचं नसतं." आणि त्यानं फोन ठेवला.

त्याच आठवड्यात तो स्वतः व्हर्नाबाईंच्या दारात गेला. हे नेडीनला ओडेलकडून कळलं. ओडेल आता बस थांबवत नव्हता. नेडीननंच थांबवून विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं, आणि सांगताना तिच्याकडे न बघता टायरकडे बघत होता. गवत कापायच्या यंत्राची गोष्ट पुन्हा निघाली नाही.

शाळा संपायच्या आधीच्या आठवड्यात व्हर्नाबाई स्वतः बसपर्यंत आल्या. पोरं चढत होती. त्या पायरीशी उभ्या राहिल्या, वर आल्या नाहीत.

"घर त्या डिलुकाला दिलं," त्या म्हणाल्या.

"मिस व्हर्ना, तो भाड्याच्या खोल्या काढणार आहे तिथे. मांडव..."

"ठाऊक आहे. सांगितलं त्यानं. माझ्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, बाई, मी हे फोडणार, ते तोडणार, आणि मागे खडी टाकणार. तोंडावर सांगितलं." त्यांनी दाराची कड धरली होती. "मला बरं वाटलं ते ऐकून. तुझ्यापेक्षा जास्त दिले त्यानं. मार्लीनच्या गवंड्याचं भागून थोडे उरतील."

"एजंटकडे अजून आले असते."

"असतील. मला आता कुणाला घर दाखवत बसायची ताकद नाही." मागची पोरं कान टवकारून होती. व्हर्नाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "चल, यांना उशीर होतोय."

जूनमध्ये मार्लीन आईला न्यायला आली. नेडीनला ती किराणा दुकानाच्या आवारात भेटली. उंच, उन्हानं रापलेली, आईसारखंच नाक. ती ढकलगाडी सोडून सरळ चालत आली.

"बस चालवता त्या तुम्हीच ना?"

"हो."

"मी मार्लीन." आपल्याला काय बोलायचंय हे तिनं ठरवलं असावं आणि आता ते जमत नसावं. "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून आईला चार पैसे जास्त मिळाले. त्याबद्दल आभार मानायला हवेत. मला ते नाही जमत."

"मानू नका," नेडीन म्हणाली.

"आईनं मला काय सांगितलंय माहितीये? म्हणाली, बिचारीला बँकेनं कर्ज दिलं नाही, म्हणून ती घेऊ शकली नाही. फार वाईट वाटलं तिला, म्हणाली. मी तर माफीसुद्धा मागितली आईची, तुमच्याबद्दल जे बोलले होते त्याबद्दल. आणि मग व्यवहाराच्या दिवशी डिलुका सहज बोलून गेला." मार्लीन एक पाऊल जवळ आली. "माझी आई खोटं बोलत नाही हो. मी पोरगी असताना दुकानदारानं एक नाणं जास्त दिलं तर मला परत पिटाळायची. ती माझ्याशी खोटं बोलली. तुम्हाला वाचवायला, की मला जिंकू द्यायचं नाही म्हणून? मी विचारूही शकत नाही तिला. विचारलं तर तिला कळेल, की मला ठाऊक आहे."

"बँकेत आम्ही खरंच गेलो होतो," नेडीन म्हणाली. हे तिनं व्हर्नाबाईंना कधी सांगितलं नव्हतं.

मार्लीननं तिच्याकडे पाहिलं. तिला ते खरं वाटलं की नाही, कळायला मार्ग नव्हता. "परवा निघतोय आम्ही," ती म्हणाली आणि आपली ढकलगाडी घ्यायला परत वळली.

*

नेडीननं तो धंदा सोडला नाही. काही जणांना तेच खटकतं. पण उन्हाळा आला होता, पगार बंद होता, आणि तिला दुसरं काही येत नव्हतं असं नाही, पण हे चांगलं येत होतं. यंगस्टाउनात तिच्याशी कुणी सौदा करेना, म्हणून ती जुनी मोटार घेऊन शेजारच्या वॉरन गावाला जायला लागली. दार उघडलं की पहिलं वाक्य ती हेच म्हणायची: मी इथे राहणार नाही, मी घेणारा आणीन, मधले पैसे मी ठेवीन. बहुतेक दारं तेवढ्यावरच बंद व्हायची. एका बाईनं तर तिला थांबवून विचारलं, "मग तुझी गरजच काय?" आणि नेडीनला तो प्रश्न रास्त वाटला.

ऑक्टोबरात हार्लन टब्स नावाच्या एका माणसानं तिला आत घेतलं. त्याचा भाऊ वारला होता आणि भावाच्या घरात छतापर्यंत वर्तमानपत्रं, सायकली आणि मांजरं भरलेली होती.

"राहणार नाही म्हणतेस?" हार्लन खो खो हसला. "इथे मांजरंसुद्धा नाइलाजानं राहतात, बाई. तू किती ठेवणार?"

तिनं आकडा सांगितला. त्यानं ओठ पुढे काढून विचार केला, थोडा कमी कर म्हणाला, तिनं केला. महिन्याभरात व्यवहार झाला.

चेक आला त्या रविवारी आल्विननं सगळ्यांना बाहेर जेवायला नेलं. जोनीनं ताटात फक्त मॅकरोनी आणि जेली घेतली. आल्विन उगाच मोठ्यानं हसत होता. हार्लनच्या मांजरांची गोष्ट त्यानं दुसऱ्यांदा सांगायला लावली आणि नेडीननं ती सांगितली, मागच्यापेक्षा थोडी रंगवून.

इमानी कोंबडीचा तुकडा काट्यानं सोलत होती. पूर्वी आईनं कुठलंही घर बघितलं की ती विचारायची, किती खोल्या, जिना आहे का, अंगण केवढं. आता ती विचारत नव्हती.

"चांगलं मोठं घर होतं," नेडीन आपणहून म्हणाली. "साफ केल्यावर छान दिसेल."

"बरं," इमानी म्हणाली आणि पाणी आणायला उठली.